मूठ घट्ट, तर हात शाबूत

सुगी तोंडावर आली की फाळ शेवटून आणायचे, विळ्या-कोयत्यांना धार लावून घ्यायची, दावी-कासरे तपासायचे, ही कामे आपण कोणी न सांगता करतो. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, एक विचारतो. तुमच्या विळ्याची मूठ तुम्ही शेवटची कधी नीट पाहिली? धार गेली की आपण लगेच लोहाराकडे पळतो. मूठ हलायला लागली तर मात्र वर चिंधी गुंडाळतो, नाही तर विळा रात्रभर बादलीत टाकतो. सकाळी मूठ घट्ट! काम भागलं. आणि दुपारी उन्हात तीच मूठ पुन्हा खुळखुळायला लागते.

आमच्या शेजारच्या काकांचं असंच चाललं होतं. आमचं गाव डोंगरकाठचं. काकांच्या घरात आजोबांच्या वेळची एक सुरी. पातं वीतभर, चांगल्या पोलादाचं. मूठ सांबरशिंगाची. आजोबा शिकारीला जात, त्या काळातली. शिकारीचे दिवस केव्हाच गेले, पण सुरी कामाला राहिली. दावं कापायला, खताचं पोतं फोडायला, नारळ सोलायला तीच. मूठ दोन वर्षांपासून हलत होती. गेल्या हंगामात कडब्याच्या पेंढीचा बंद तोडताना पातं मुठीतच फिरलं आणि तळहातात शिरलं. चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं आणि बारा दिवस हात गळ्यात राहिला. ऐन काढणीतले बारा दिवस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

टाके निघाल्यावर काका माझ्याकडे आले. म्हणाले, "आता नवी मूठ बसवायचीच. बाजारात एक जण सांबराचं शिंग देतो म्हणतोय. जुन्यासारखीच करू."

मी म्हटलं, "काका, मूठ करू. पण ते शिंग घ्यायचं नाही."

"का रं? मेलेल्या जनावराचं बी न्हाय. जंगलात गळून पडलेलं हाय म्हणतोय."

हा प्रश्न फक्त आमच्या काकांचा नाही. डोंगरकाठच्या आणि जंगलालगतच्या अनेक गावांतला आहे. म्हणून शिंग का नको आणि त्याऐवजी मूठ कशाची व कशी बसवायची, या दोन्ही गोष्टी आज सविस्तर पाहू.

मूठ ढिली का होते?

विळा, सुरी, खुरपे यांच्या पात्याला मागे एक निमुळती शेपटी असते. ती मुठीत शिरलेली असते. मूठ ढिली होण्याचं पहिलं कारण म्हणजे ओलं लाकूड. ताजी फांदी तोडून मूठ केली की ती वाळताना आकसते, भोक वेडंवाकडं होतं आणि शेपटी हलू लागते. दुसरं कारण म्हणजे शेपटी आखूड असणं. चार इंच मुठीत शेपटी जेमतेम इंचभर असेल तर ती किती दिवस टिकणार?

तिसरं कारण आपण स्वतःच तयार करतो. ते म्हणजे मूठ पाण्यात भिजवणं. लाकूड भिजलं की फुगतं. पण आत लोखंड असल्यामुळे त्याला फुगायला जागा मिळत नाही, म्हणून भोकाकडेचे तंतू चेपले जातात. वाळल्यावर भोक आधीपेक्षा मोठं झालेलं असतं. शिवाय आत पाणी राहिल्यानं शेपटी गंजते ती वेगळीच. म्हणजे भिजवणं हा उपाय नाही, ती दुखण्याची वाढ आहे.

सांबरशिंगाचा मोह

सांबराचं शिंग मुठीसाठी उत्तम, यात शंका नाही. ते आपल्या गाई-म्हशींच्या शिंगासारखं नसतं. म्हशीचं शिंग म्हणजे हाडावर चढलेलं पोकळ टोपण, आपल्या नखाच्या जातीचं. ते जन्मभर वाढतं, गळत नाही. सांबराचं शिंग हे भरीव हाड. ते फक्त नराला येतं, गळून पडतं आणि पुन्हा नवं फुटतं. सांबराच्या शिंगाचं बाहेरचं कवच जाड आणि गाभा इतर हरणांच्या मानाने घट्ट. वरून खडबडीत, त्यामुळे ओल्या हातातूनही निसटत नाही. म्हणूनच एके काळी भारतातली सांबरशिंगं इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सुरी-कारखान्यांपर्यंत जात. आपल्याकडेही घरोघरी आजीच्या बटव्यात सांबरशिंगाचा तुकडा उगाळायला ठेवलेला असे.

पण आता काळ बदलला आहे आणि कायदाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्यप्राण्यांच्या ज्या अवयवांना 'ट्रॉफी' म्हटलं आहे, त्यांत शिंगं येतात आणि परवान्याशिवाय त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार तर जंगलातून आणलेली शिंगं आणि हाडं ही लाकडासारखीच वनोपज ठरतात. म्हणजे शिंग गळून पडलेलं असलं, तरी राखीव जंगलातून ते उचलून आणायची मुभा आपल्याला मिळत नाही. "मी मारलं नाही, मला सापडलं," एवढ्यावर सुटका होत नाही. बाजारात शिंग विकणाऱ्याला विचारा, परवाना दाखव म्हणून. तो दुसऱ्या बाजाराला निघून जाईल.

यामागे नुसता कायदा नाही. गळालेलं शिंग जंगलात वाया जात नाही. साळिंदर आणि इतर कुरतडणारी जनावरं ते कुरतडतात, त्यातून त्यांना चुना आणि स्फुरद मिळतं. दुसरं असं, की शिंगाला गिऱ्हाईक मिळालं की गळालेलं कोणतं आणि मारून काढलेलं कोणतं, हे बाजारात कोण तपासणार? गळालेल्या शिंगाच्या नावाखाली फासे लागतात. आपण एका मुठीसाठी दिलेले पैसे कुठवर जातात, याचा विचार करा.

हीच गोष्ट चितळाच्या, काळविटाच्या आणि गव्याच्या शिंगांची. गवा म्हशीसारखा दिसतो म्हणून त्याचं शिंग घरचं होत नाही.

घरचं शिंग कोणतं?

फिनलंडच्या उत्तर भागात सामी लोक रेनडिअर नावाची हरणं पाळतात. कळप त्यांच्या मालकीचे, जनावरांच्या कानावर मालकाची खूण असते. तिकडे 'पुक्को' नावाची छोटी सुरी जवळपास प्रत्येकाच्या कमरेला असे. तिची मूठ बर्च झाडाच्या लाकडाची आणि सोबत याच पाळीव कळपातल्या शिंगाचा तुकडा. म्हणजे त्यांनीही शिंग वापरलं, पण घरच्या जनावराचं.

मग आपलं घरचं शिंग कोणतं? म्हशीचं! आपल्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर भागातली पंढरपुरी म्हैस तर खांद्यापलीकडे जाणाऱ्या लांब शिंगांसाठीच ओळखली जाते. या शिंगाचा टोकाकडचा भाग भरीव असतो आणि मुठीला तोच लागतो. काळा, घोटला की काचेसारखा चमकणारा आणि पाण्याला लाकडापेक्षा दाद न देणारा. काकांना हे पटलं. म्हणाले, "म्हंजे गोठ्यातच होतं की!"

मात्र एक सावधगिरी अगदी काटेकोर पाळा. जनावर अचानक मेलं असेल, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारं रक्त आलं असेल, तर ती फाशी, म्हणजे काळपुळी असू शकते. अशा जनावराचं शिंग काढणं तर सोडाच, कातडंही काढू नका, शव उघडू नका. हा रोग माणसाला होतो आणि त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे शवाची विल्हेवाट लावा. ज्या जनावराच्या मरणाचं कारण माहीत आहे, त्याचंच शिंग घ्या.

शिंग काही आठवडे पाण्यात ठेवलं की आतलं हाड सुटतं. ते काढून शिंग धुवा आणि सावलीत काही महिने वाळू द्या. घाई केली की पुढे तडा जातो.

लाकूड कोणतं?

आपल्या बांधावरची बाभूळ ही अवजारांची जुनी सोबतीण. चिवट, जड आणि सहज मिळणारी. धामणीचं लाकूड लवचिक असतं, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला ते नावाजलेलं. तिवस आणि शिसव ही मुठीला पहिल्या प्रतीची. बोरीचं आणि चिंचेचं लाकूडही चालतं. आंब्याचं आणि शेवरीचं नको, मऊ पडतं.

मुठीला झाड तोडायची गरज नाही, मनगटाएवढी वाळलेली फांदी पुरे. झाडच तोडायचं असेल तर १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लक्षात ठेवा. साग, खैर, तिवस, चिंच यांसारखी झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्या स्वतःच्या रानातली असली तरी ती तोडायला परवानगी लागते.

फांदीचा मधला लालसर-काळपट गर घ्या. भोवतीचा पांढरट भाग किडा लवकर पोखरतो. अगदी मधोमध जी मऊ नळी असते, ती मुठीत येऊ देऊ नका, तडा तिथूनच जातो. रेघा मुठीच्या लांबीच्या दिशेने सरळ हव्यात, आडव्या रेघांची मूठ ऐन जोरात मोडते. तुकडा कापल्याबरोबर दोन्ही तोंडांना शेणकाला किंवा रंग लावा. लाकडातलं पाणी तोंडाकडून भराभर जातं आणि तिथेच ते चिरतं. इंचभर जाडीला वर्षभर सावली, हा सुतारांचा जुना हिशेब. एवढा धीर नसेल तर जुन्या मोडक्या बैलगाडीचं, तिफणीचं किंवा पाभरीचं लाकूड शोधा. त्याच्याइतकं वाळलेलं लाकूड पैसे देऊनही मिळत नाही. काकांची मूठ आम्ही जुन्या जुवाच्या बाभळीच्या तुकड्यातून काढली.

मूठ बसवताना

आमच्या गावच्या मिस्त्रींबरोबर बसून हे काम केलं. त्यांनी दाखवलेला क्रम असा.

पहिलं काम, पात्याला चिंध्या गुंडाळून सुतळीने बांधा. मूठ करताना जेवढे हात कापतात, तेवढे कामात कापत नाहीत.

जुनी मूठ काढताना पातं विस्तवात घालू नका. पोलादावर निळी झाक आली की त्याचं पाणी उतरलं समजा, मग कितीही घासा, धार टिकत नाही. शेपटी तापवायचीच झाली तर पात्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवा. नंतर शेपटीवरचा गंज कानशीने काढा. ती खरखरीत राहू द्या, गुळगुळीत लोखंडाला डिंक धरत नाही.

मुठीची लांबी हाताप्रमाणे घ्या. मूठ वळली की दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरावी. साधारण सव्वाचार ते साडेचार इंच. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. विळा-खुरप्याचं बहुतेक काम घरातल्या बाया करतात आणि मुठी मात्र पुरुषाच्या हाताच्या मापाने होतात. जाड मूठ धरून दिवसभर खुरपलं की मनगट आणि अंगठा दुखणारच. ज्या हाताला काम करायचं, तो हात मापाला घ्या.

काकांच्या सुरीला पुढे इंचभर म्हशीचं शिंग आणि मागे साडेतीन इंच बाभूळ असं ठरलं. शिंग पुढे, कारण पाणी आणि रस तिथेच लागतो. दोन तुकड्यांचा सांधा अगदी सपाट बसला पाहिजे. मिस्त्रींची युक्ती साधी. काचेवर काजळ चोळायचं आणि त्यावर तुकडा टेकवायचा. जिथे काळं लागलं ते उंच. काचेवर पॉलिश पेपर ठेवून तेवढं घासायचं. तोंडभर सारखं काळं लागलं की सांधा जमला. पुढे या सांध्यात केसही जात नाही.

आता भोक. शेपटी दहा मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर जाड असेल, तर एकाच रेषेत चार मिलिमीटरची भोकं शेजारी-शेजारी पाडा आणि बारीक कानशीने ती एक करा. भोक मधोमध आणि सरळ जायला हवं. इथे घाई केली की पातं कायमचं तिरकं. शेपटी मुठीच्या निम्म्याहून पुढे गेली पाहिजे, दोन-तृतीयांश गेली तर फारच उत्तम. लाकडात शेवटचं अर्धं बोट शेपटी तापवून जाळत बसवायची जुनी रीत आहे. ती चालते, पण आतला कोळसा पूर्ण खरवडून काढा, कोळशावर डिंक टिकत नाही. शिंगात मात्र तापलेलं लोखंड घालू नका. केस जळल्यासारखा वास येतो आणि शिंग तडकतं.

चिकटवायला पूर्वी चपडा लाख वितळवून त्यात विटेची वस्त्रगाळ भुकटी मिसळत. जुन्या तलवारींच्या मुठी याच जातीच्या लुकणाने बसवलेल्या असत. हे लुकण आजही चांगलं आहे, फक्त उष्णतेने मऊ पडतं. सुरी चुलीजवळ ठेवायची सवय असेल तर दोन नळ्यांतलं एपॉक्सी वापरा. भोकात आधी डिंक भरा, मग शेपटी घाला, म्हणजे आत हवा राहत नाही. पातं सरळ आहे ना हे दोन्ही बाजूंनी पाहा आणि चोवीस तास हात लावू नका. हे चोवीस तास काकांना फार जड गेले. तीनदा येऊन बघून गेले.

दुसऱ्या दिवशी लाकूड आणि शेपटी यांच्यातून आरपार तीन मिलिमीटरचं भोक पाडून त्यात पितळी तारेची खीळ बसवा. डिंक एखाद दिवशी दगा देईल, खीळ देणार नाही. खिळीची टोकं हलक्या हाताने ठोका, जोरात ठोकलं तर लाकूड फाटतं.

आता आकार. मूठ गोल करू नका, अंडाकृती करा. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे ते अंधारात कळत नाही. कानशीने आकार द्या, मग ८०, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. शिंगाची भुकटी छातीत जाते, नाकातोंडाला ओलं फडकं बांधा. शेवटी जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर एक-दोन दिवस वाळू द्या. तेलाची चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

विळ्या-खुरप्याची मूठ नुसत्या लाकडाची असेल तर शिंगाची भानगड नको, पण तोंडाशी लोखंडी किंवा पितळी वळं जरूर घाला. काही भागांत त्याला शेंबी म्हणतात. गाडीच्या चाकावर धाव चढवतात तीच रीत. वळं किंचित लहान ठेवायचं, तापवून चढवायचं आणि गार होऊ द्यायचं. ते आकसून लाकडाला करकचून धरतं आणि मूठ तोंडाकडून फाटत नाही.

गावच्या कारभारी मंडळींसाठी

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सांबरशिंगाबद्दल ग्रामसभेत एकदा स्पष्ट बोलावं. सरकारी मालमत्ता ठरणारी अशी वस्तू कोणत्याही मार्गाने हाती आली, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावं, असं वन्यजीव कायद्याचं कलम ३९ सांगतं. बऱ्याच लोकांच्या हातून चूक होते ती माहिती नसल्यामुळे. गुराख्यांना आणि मध-मोहवाल्यांना हे आधी कळलं, तर पुढची कोर्टकचेरी टळते. ज्यांच्या घरात पिढीजात वस्तू आहे त्यांनी ती विकू नये, कोणाला देऊ नये. वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन लेखी विचारावं.

दुसरी, आपल्या गावचा लोहार आणि सुतार टिकवावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना २०२७-२८ पर्यंतची आहे. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार, सुतार आणि हातोडी व अवजारे बनवणारे येतात. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना. नोंदणी सामाईक सेवा केंद्रावर होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. म्हणजे अर्ज पुढे सरकणं तुमच्याच हातात आहे. गावात मूठ बसवणारा हात राहिला नाही, तर चिंध्या गुंडाळूनच काम चालणार.

काकांच्या जुन्या मुठीचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. काढलेले शिंगाचे दोन तुकडे काकांनी फडक्यात बांधले आणि आम्ही दोघे वनपरिक्षेत्र कार्यालयात गेलो. घाबरत गेलो, खोटं कशाला सांगू? साहेबांनी लेखी निवेदन घेतलं, तुकडे ठेवून घेतले आणि पोच दिली. बाहेर आल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आजोबांची आठवण गेली खरी." मी म्हटलं, "पातं आजोबांचंच आहे ना?" त्यांनी मान हलवली.

आता ती सुरी पुन्हा गोठ्याच्या आढ्याला खोचलेली असते. या हंगामात काकांनी तिने कडब्याच्या सगळ्या पेंढ्या सोडल्या. पात्याची मूठ काळ्या शिंगाची आणि जुवाच्या बाभळीची, दोन्ही आपल्याच गोठ्यातली.

तेव्हा मंडळी, आज संध्याकाळी एवढं करा. घरातले विळे, खुरपी, कोयते, सुऱ्या एकदा अंगणात मांडा. पात्याला फडकं गुंडाळून एकेक मूठ हलवून पाहा. जी हलेल ती बाजूला काढा आणि दुरुस्त होईपर्यंत कोणाच्याही हातात देऊ नका, गड्याच्याही नाही आणि घरच्या बाईच्याही नाही. धार गेलेला विळा काम अडवतो. मूठ गेलेला विळा माणूस अडवतो.